लष्करी टपाल : तिचा इतिहास व तिचे स्मारक तिकीट

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत प्रतिवर्षी कुलवृत्तांत, विद्यार्थी-गौरव व दिवंगत बांधवांस श्रद्धांजली ही सदरे क्रमाने येतात. त्यांत यंदा आम्ही एका अगदी निराळ्या विषयाची भर घालीत आहोत. हा विषय आम्हास कोठल्या ग्रंथालयात सापडला नाही. तो सापडला आमच्याच घरातील माळ्यावर, एका पत्र्याच्या पेटीत. आपल्या ज्ञातीतील पुष्कळ घरांतून दोन-तीन पिढ्या पलटणीत गेलेल्या आहेत, त्यामुळे अशी पेटी अनेकांच्या घरी असेल असा आमचा समज आहे. पेटीत एक जुने पाकीट होते. त्यावर बादशहाचे तिकीट, तिकिटावर इंग्रजी तीन अक्षरे, आणि शेजारी एक गोल शिक्का. त्या शिक्क्यात गावाचे नाव नाही. फक्त एक आकडा. शिक्क्यात गाव का नाही, हे शोधण्यासाठी आम्ही जी वाट धरली तिचा हा वृत्तांत होय.

युद्धकाळी बातमी पोचविणे ही काही इंग्रजांनी आपल्याला शिकविलेली विद्या नव्हे. जासूद, हरकारे व सांडणीस्वार यांच्यावाचून पेशवाईतील एकही मोहीम चाललेली नाही. पानिपतच्या रणातून १७६१ च्या जानेवारीत जी पहिली वार्ता दक्षिणेकडे निघाली, ती एका सावकारी पत्राच्या पोटात दडलेली होती, हे शाळकरी मुलांसही ठाऊक आहे. गळालेली मोती, हरवलेल्या मोहरा आणि मोजदाद न होणारा खुर्दा, असा तिचा आशय. वाटेत पत्र कोणाच्या हाती पडले तरी तो सराफाचा हिशेबच वाचील, आणि ज्याला कळायचे त्याला मात्र सारे कळेल! ही युक्ती वाचकांनी ध्यानात ठेवावी. दीडशे वर्षांनी ती पुन्हा आपल्या भेटीस येणार आहे.

तथापि त्या काळची डाक सरकारची वा सरदाराची असे. सामान्य शिपायाने घरी पत्र धाडावे व घरच्यांनी त्यास उत्तर लिहावे, अशी सोय तीत नव्हती. ती सोय होण्यास १८५४ साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या कायद्याने सर्व हिंदुस्थानास एकच टपाल खाते, एकच दर व एकच तिकीट लागू झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८५६ मध्ये, इराणच्या मोहिमेवर मुंबईहून फौजा निघाल्या, आणि त्यांच्याबरोबर बुशायरला एक टपाल कचेरीही गेली. आपल्या लष्करी टपालाचा आरंभ सामान्यतः येथून धरतात. ‘फील्ड पोस्ट ऑफिस’ हे नाव पुढे रूढ झाले. मराठीत त्यास रणक्षेत्रीय टपाल कचेरी म्हणावे लागेल, परंतु पलटणीतला मनुष्य हे लांबलचक नाव कधी उच्चारील असे आम्हास वाटत नाही. तो ‘एफ. पी. ओ.’ म्हणतो, आणि आम्हीही तेच म्हणू.

पुढील साठ वर्षांत जेथे हिंदी फौज गेली तेथे तिची टपाल कचेरी मागोमाग गेली. १८६७-६८ ची हबसाणची स्वारी तर मुख्यतः मुंबई इलाख्यातूनच निघाली होती. तिचा सेनापती नेपियर हा मुंबई फौजेचा सरसेनापती, आणि तांबड्या समुद्रावरील झुला येथे उतरलेले सैन्य व सामान बहुतांशी मुंबई बंदरातून गेलेले. अफगाणिस्तान, इजिप्त, ब्रह्मदेश ही नावे आम्ही नुसती उच्चारून पुढे जातो.

१९०० साली चीनमध्ये बॉक्सर बंडाळीचा मोड करण्यास हिंदी फौज गेली, तेव्हा प्रथमच तिच्यासाठी तिकिटांवर निराळी अक्षरे छापण्यात आली. राणीचे चित्र असलेले आपले नेहमीचेच तिकीट, आणि त्यावर ‘सी. ई. एफ.’, म्हणजे चीनच्या मोहिमेवरील फौज. हे तिकीट गावच्या पोस्टात मिळत नसे. ज्याच्या पत्रावर ते दिसले तो मनुष्य मोहिमेवर आहे, हे तिकिटावरूनच कळे. १९१४ च्या महायुद्धात हाच प्रकार ‘आय. ई. एफ.’ या अक्षरांनी झाला. आमच्या पेटीतील पाकिटावर हीच तीन अक्षरे आहेत. हिंदी मोहीम-फौज असा त्यांचा अर्थ. या फौजेच्या तुकड्यांना इंग्रजी मुळाक्षरे दिलेली होती. ‘ए’ फ्रान्समध्ये, ‘बी’ व ‘सी’ पूर्व आफ्रिकेत, ‘डी’ मेसोपोटेमियात, ‘ई’ व ‘एफ’ इजिप्तमध्ये आणि ‘जी’ गॅलिपोलीत. पत्रावर गावाऐवजी हे अक्षर लिहावयाचे, आणि शिक्क्यात गावाऐवजी कचेरीचा क्रमांक. शत्रूच्या हाती टपालाची थैली लागली तरी कोणती पलटण कोठे आहे हे त्यास कळू नये, म्हणून ही योजना. शत्रूस ते कळले नाही हे खरे. परंतु आईसही कळले नाही. आपला मुलगा फ्रान्सच्या थंडीत आहे की बसऱ्याच्या उन्हात, हे सातारा-रत्नागिरीकडच्या कित्येक मातांस युद्ध संपेतो उमगले नसेल.

फ्रान्समधील हिंदी शिपायांच्या पत्रांविषयी बरीच माहिती आज उपलब्ध आहे, आणि याचे कारण काहीसे विचित्र आहे. ही पत्रे सरकार चोरून वाचीत असे! बोलोन येथे हॉवेल नामक अधिकाऱ्याच्या हाताखाली एक तपासणी कचेरी होती. उर्दू, गुरुमुखी, हिंदी इत्यादी लिप्यांतील पत्रे तेथे उघडली जात, त्यांतील उतारे इंग्रजीत उतरून वरिष्ठांकडे जात. मूळ पत्रे घरोघरी गेली, वाचली गेली आणि बहुतेक नष्टही झाली. उतारे मात्र लंडनच्या दप्तरात सुरक्षित राहिले. १९९९ मध्ये डेव्हिड ओमिसी या इतिहासकाराने त्यांतील निवडक भाग ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. घरच्यांनी जे जपले नाही ते हेरगिरी करणाऱ्यांनी जपले, असा हा चमत्कार आहे.

आपले पत्र कोणीतरी वाचतो हे शिपायांच्या लवकरच ध्यानात आले. मग एकाने घरी लिहिले ते मिरीविषयी. हिंदुस्थानातून आणलेली काळी मिरी संपली, आता अधूनमधून तांबडी वापरतात, असा त्याचा मतलब. काळी म्हणजे हिंदी शिपाई व तांबडी म्हणजे गोरे, हे तपासनिसासही समजले. परंतु आमच्या मनात आले ते पानिपतचे सावकारी पत्र. मोती व मोहरांच्या जागी मिरी आली एवढाच काय तो फरक. माणसे मरत आहेत ही गोष्ट घरी कळवावी कशी, हा प्रश्न दीडशे वर्षांत तसूभर बदलला नव्हता.

बहुतेक शिपाई स्वतः लिहिणारे नव्हते. पलटणीतील साक्षर सोबत्याने लिहावे आणि गावी मास्तराने वा पोस्टमनने वाचून दाखवावे, अशी रीत. तेव्हा ज्याला आपण खाजगी पत्र म्हणतो ते मुळी नव्हतेच. लिहिणारा, तपासणारा, वाचून दाखविणारा, ओसरीवर ऐकणारी शेजारीण, इतक्यांच्या कानांवरून जाऊन ते पत्नीपर्यंत पोचे. त्यामुळे या पत्रांत ‘सर्व क्षेमकुशल आहे’, ‘म्हैस व्याली काय’, ‘धाकट्यास शाळेत घालावे’ याहून अधिक क्वचितच सापडते, आणि सापडत नाही म्हणून त्यांना हसणाऱ्यांशी आमचे जमत नाही.

आता मेसोपोटेमियाकडे वळू. येथे आपले मराठे होते. सहावी डिव्हिजन पुण्याच्या नावाने ओळखली जाई, आणि तिच्यातील १०३, ११० व ११७ या तीन मराठा पलटणी टाउनशेंडच्या फौजेबरोबर कुत-अल-अमारा येथे कोंडल्या गेल्या. ७ डिसेंबर १९१५ रोजी वेढा पडला. २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने गांजलेल्या फौजेस शरण जावे लागले. बाहेरून वेढा फोडण्यासाठी जे हल्ले झाले त्यांत वेढ्यात होते त्याहूनही अधिक माणसे मृत वा जखमी झाली. शरणागतीनंतर शिपायांना वाळवंटातून उत्तरेकडे पायी हाकलीत नेले, आणि पुष्कळ जण वाटेतच गेले. या प्रांतात हिंदी टपाल खात्याला काही नवखेपण नव्हते, हे येथे सांगून टाकतो. बगदाद व बसरा येथे १८६८ पासून हिंदी टपाल कचेऱ्या होत्या, त्या युद्धाच्या तोंडावर १९१४ च्या ऑक्टोबरात बंद झाल्या. परत आल्या त्या संगिनीच्या मागोमाग.

आमच्या पणजोबांचे धाकटे बंधू ‘डी’ फौजेत होते. पेटीतील पाकीट त्यांचे आहे, आणि त्यासोबत एक दुसरेही पाकीट आहे, जे त्यांचे नव्हे. ते घरून त्यांना गेलेले. मुंबईहून आगबोटीने बसऱ्यास जाऊन ते तसेच परत आले. वर तांबड्या शाईने इंग्रजीत एक शब्द लिहिला होता. गावात तो वाचता येणारे एकटे मास्तर. आमच्या आजीने आम्हास सांगितले ते असे की, मास्तरांनी पाकीट हाती घेतले, वाचले, आणि “पत्ता चुकला आहे, पुन्हा लिहावे लागेल” असे सांगून ते आपल्याजवळच ठेवले. दोन दिवस ते घरी आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते अनवाणी. त्यांना दारात तसे उभे पाहूनच थोरल्या काकीने कुंकू पुसले. पाकीट कोणी फोडले नाही. ते अजूनही फोडलेले नाही. आम्हीही फोडले नाही, आणि या लेखासाठी ते फोडावे की काय या विचारात आम्ही एक संपूर्ण रात्र काढली, हे प्रांजळपणे सांगतो.

बसऱ्यास या मोहिमेतील मृतांचे स्मारक आहे. ज्यांच्या कबरी वा चितास्थाने अज्ञात राहिली अशा ४० हजारांहून अधिकांसाठी ते उभारले. त्यावर गोऱ्या सैनिकांची नावे आहेत, हिंदी अंमलदारांची नावे आहेत. परंतु सामान्य हिंदी शिपायाच्या बाबतीत पलटणीचे नाव व मृतांचा आकडा एवढेच कोरलेले होते. आकड्याच्या कचेरीतून पत्र लिहिणारा शेवटी आकडा होऊनच राहिला. ज्या कबर-आयोगाकडे ही स्मारके आहेत त्याने २०२१ साली आपल्या चौकशीअंती या भेदभावाची कबुली दिली, हे नमूद करणे न्यायाचे होईल. आपल्याकडे सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचे गाव आहे. घरटी एक मनुष्य सैन्यात म्हणून लोक त्यास ‘अपशिंगे मिलिटरी’ असेच म्हणतात. पहिल्या महायुद्धात तेथील ४६ जवान कामी आले व त्यांचा स्मृतिस्तंभ गावात आहे. ज्यांना आपल्या माणसाचे चितास्थान पाहावयास मिळाले नाही त्यांना डोके टेकावयास निदान एक दगड मिळाला.

दुसऱ्या महायुद्धात लष्करी टपालाचा व्याप कितीतरी वाढला. एरिट्रियातील केरेनच्या डोंगरापासून इटलीपर्यंत व ब्रह्मदेशच्या जंगलापर्यंत एफ. पी. ओ. पसरल्या. इटलीतच यशवंत घाडगे (१९४४) व नामदेव जाधव (१९४५) या मराठा वीरांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला, घाडगे यांनी तर मरणोत्तर. याच युद्धातून आलेली पत्त्याची पद्धत पुढे स्वतंत्र भारताच्या सैन्यातही चालू राहिली. ‘मार्फत ५६ ए. पी. ओ.’ व ‘मार्फत ९९ ए. पी. ओ.’ हे पत्ते आपल्यापैकी किती जणांनी लिहिले असतील! आम्ही बाळपणी समजत असू की छप्पन ए. पी. ओ. नावाचे एखादे गाव काश्मीरकडे असावे. वस्तुतः ५६ हा दिल्लीच्या मध्यवर्ती तळ-टपाल कचेरीचा क्रमांक, आणि ९९ कलकत्त्याच्या. देशभरातून येणारी पत्रे तेथे उतरतात व पलटणवार निवडली जातात. कोणती पलटण आज कोठे आहे याची गुप्त यादी त्या कचेरीजवळ असते. त्या यादीप्रमाणे थैल्या बांधून त्या त्या एफ. पी. ओ. कडे रवाना होतात, आणि तेथून पलटणीचा टपाल-शिपाई त्या घेऊन जातो. पलटण एका रात्रीत लडाखहून राजस्थानात गेली तरी घरच्यांनी पत्ता बदलावयाचा नाही. मनीऑर्डरही याच वाटेने उलट येत असे, आणि कोकणातल्या घाटीखालच्या घरांची चूल या मनीऑर्डरवर किती वर्षे पेटली हे वाचकांस आम्ही काय सांगावे?

स्वातंत्र्यानंतरचा एक प्रसंग आम्हास विशेष प्रिय आहे. १९५३ साली कोरियातील युद्ध थांबले, परंतु मायदेशी परत जाण्यास नकार देणाऱ्या युद्धकैद्यांचा प्रश्न उरला. उत्तरेकडील बाजूचे असे २२ हजारांहून अधिक कैदी होते, दक्षिणेकडील बाजूचे ३५९. त्यांचा सांभाळ करण्याचे काम भारताकडे आले. तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या, आणि प्रत्यक्ष कैदी सांभाळणाऱ्या आपल्या फौजेचे सेनापती कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष री यांनी भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाय ठेवू देण्याचे नाकारले, तेव्हा आपले जवान बोटीवरून हेलिकॉप्टरने थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरविले गेले. तेथे त्यांनी वसविलेल्या छावणीचे नाव ‘हिंद नगर’. या फौजेसाठी १२ किमतींची तिकिटे निघाली, आणि त्यांवर या वेळी देवनागरी अक्षरे होती : ‘भारतीय संरक्षा कटक कोरिया’. कटक म्हणजे सैन्य, छावणी. हा शब्द जुन्या मराठीतही चालत असे, पुढे लष्कर शब्दाने त्यास मागे सारले. मूळ तिकिटे १९४९ च्या पुरातत्त्व-मालिकेतील. त्यांतील तीन पैच्या तिकिटावर अजिंठ्याचे शिल्प, नऊ पैच्या तिकिटावर घारापुरीची त्रिमूर्ती. १९०० साली चीनच्या मोहिमेवर गेलेल्या हिंदी शिपायाच्या पाकिटावर परक्या राणीचा मुखवटा होता. त्रेपन्न वर्षांनी शेजारच्याच कोरियातून येणाऱ्या पाकिटावर आपल्या लेण्यातील महादेव होता, आणि तो शिपाई या खेपेस कोणाला मारण्यासाठी गेलेला नव्हता. दोन्ही तिकिटे शेजारी ठेवून पाहिली म्हणजे इतिहासाच्या पुस्तकातील पुष्कळ पाने वाचल्यासारखे होते.

१९५४ मध्ये हिंदी चीनमधील आंतरराष्ट्रीय आयोगासाठी कम्बोज, लाओस व वियतनाम या नावांची तिकिटे निघाली, तीही देवनागरीत. १९६२ मध्ये काँगोतील फौजेसाठी, आणि १९६५ मध्ये गाझातील फौजेसाठी. ही शेवटची अक्षरे नेहरूंच्या निधनानंतर निघालेल्या तिकिटावर छापलेली आहेत. येथे पुन्हा रोमन लिपी आली, कारण संयुक्त राष्ट्रांचे काम. आम्हास ते थोडे खटकते, पण ते असो.

एवढी वर्षे लष्करी टपालास स्वतःचे स्वतंत्र घर नव्हते. ते सैन्याच्या पुरवठा-वाहतूक कोअरचा, म्हणजे आर्मी सर्व्हिस कोअरचा, एक भाग होते. १ मार्च १९७२ रोजी ‘आर्मी पोस्टल सर्व्हिस कोअर’ ही स्वतंत्र कोअर म्हणून उभी राहिली. ‘मेल मिलाप’ हे तिचे ब्रीद. ‘मेल’ शब्दावरील हा श्लेष कोणी केला ते आम्हास ठाऊक नाही, परंतु करणाऱ्याचे कौतुक वाटते. या कोअरची घडण मोठी चमत्कारिक आहे. सुमारे पाऊण मनुष्यबळ टपाल खात्यातून प्रतिनियुक्तीवर येते, उरलेले सैन्यातून. म्हणजे काल चिपळूणच्या पोस्टात रजिस्टरवर सही घेणारा कारकून आज गणवेश चढवून सीमेवर शिक्के मारीत असतो. त्याने लष्करी शिक्षण घ्यावयाचे ते आपल्याच महाराष्ट्रात, नागपूरजवळ कामठी येथे.

त्याच १९७२ च्या १५ ऑगस्टला पिन क्रमांक सुरू झाले. ही योजना आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे कोकणचे सुपुत्र व संस्कृतचे कवी. त्यांनी देशाचे आठ विभाग केले आणि नववा आकडा सैन्यासाठी राखला. म्हणून ५६ ए. पी. ओ. चा पिन ९०००५६ असा येतो. देशाच्या नकाशात कोठेही नसलेला हा नववा विभाग एका मराठी कवीने निर्माण केला, ही गोष्ट आपल्या मुलांस अवश्य सांगावी.

कोअरला पंचवीस वर्षे झाली तेव्हा, १९९७ साली, टपाल खात्याने तिच्या गौरवार्थ स्मारक तिकीट काढले. आम्ही ते तिकीट मिळवून संग्रही ठेवले आहे. तिकीट चांगले आहे. पण मनातले सांगावयाचे तर, ज्या तिकिटावर शिपायाने जीभ लावून ते पाकिटास डकविले, त्या आय. ई. एफ. च्या वा कोरियाच्या तिकिटासमोर ते आम्हास समारंभातील पाहुण्यासारखे भासते. गौरवाची वाट टपालवाल्यांना फार दिवस पाहावी लागली, हेही तितकेच खरे. बंदूक चालविणाऱ्याचा पुतळा होतो, थैली वाहणाऱ्याचा होत नाही. योगायोग असा की, त्याच १९९७ सालापर्यंत बसऱ्याचे ते आकड्यांचे स्मारक शत-अल-अरबच्या काठी गोदीत उभे होते. पुढे इराकी सरकारच्या हुकमावरून ते तेथून उचलून दूर वाळवंटात नेऊन बसविले.

आता पलटणीतील मुलगा रोज संध्याकाळी आईशी फोनवर बोलतो, तिचा चेहराही पाहतो. याचे आम्हास दुःख नाही. ज्या घरात तीन-तीन महिने पत्राची वाट पाहिली गेली आहे तेथील कोणीही जुन्या दिवसांचे गोडवे गाणार नाही.

ज्या कुटुंबांकडे अशी पाकिटे, मनीऑर्डरच्या पावत्या वा आकड्याचे शिक्के असतील त्यांनी ती रद्दीत घालण्यापूर्वी मंडळाच्या कार्यालयात एकदा दाखवावी, अशी आमची विनंती आहे. तिकीट काढून घेण्यासाठी पाकीट पाण्यात भिजविण्याची चूक मात्र करू नये. त्याने शिक्का जातो, आणि शिक्का गेला की आकडाही जातो. आमच्याकडील दोन्ही पाकिटे आम्ही काचेत बसवून घेतली आहेत. पहिले उघडे आहे, त्यातील कागदावर म्हशीविषयी चौकशी आहे. दुसरे मिटलेले आहे.